ऑइलचा दिवा लागायची वाट बघू नका, आधी पट्टी बघा

आमचं साताऱ्यात स्पेअर पार्टचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. काउंटरवर येऊन "दादा, ऑइलचा सेन्सर द्या, दिवा सारखा लुकलुकतोय" असं कुणी म्हणालं की मी सेन्सरच्या रॅककडं जातच नाही, आधी गाडी कुठंय ते विचारतो. बहुतेकदा ती दारातच असते आणि कधीकधी तर चालू असते, एसी लावून, आत घरची मंडळी बसलेली. मग पहिल्यांदा गाडी बंद करायला लावायची, दहा मिनिटं थांबायचं आणि इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून बघायची. टोकाला थेंबसुद्धा नाही अशी कोरडी पट्टी मी इतक्या वेळा बघितलीय की आता हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढावंसं वाटलं, कारण दुकानात उभ्या उभ्या सांगितलेलं लोकांच्या लक्षात राहत नाही आणि त्या वेळी ते घाबरलेले पण असतात.

तर पहिली गोष्ट. तो तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगतच नाही. तो प्रेशर सांगतो. इंजिनच्या खाली चेंबर असतो, त्यात ऑइल साठलेलं असतं, तिथून पंप ते ओढतो आणि फिल्टरमधून क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) सगळीकडं दाबानं पाठवतो. गाडी रनिंगमध्ये असताना हा दाब साधारण २ ते ४ बार असतो, आणि दिव्याचा स्विच तो दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली गेला की लागतो. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ "ऑइल कमी होत आलंय, रविवारी बघा" असा नाहीच, त्याचा अर्थ आत्ता ह्या क्षणाला इंजिनला ऑइल मिळत नाहीय. पेट्रोलचा दिवा लागला की अजून बरेच किलोमीटर जातं हे आपल्याला माहितीय, आणि लोक ऑइलचा दिवा पण त्याच हिशोबात धरतात, इथंच सगळा घात होतो.

पट्टीवर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. बऱ्याच गाड्यांत ह्या दोन खुणांमधलं ऑइल म्हणजे साधारण एक लिटर. छोट्या पेट्रोल गाडीत मुळात ऑइल बसतंच तीन-साडेतीन लिटर, म्हणजे मिनच्या खाली गेलात की एक तृतीयांश माल तिथंच संपलेला. आणि गंमत नाही सांगत, मिनच्या खाली गेल्यावर सुद्धा सपाट रस्त्यावर दिवा लागेलच असं नाही, कारण पंप चेंबरमधून ज्या जाळीतून ऑइल ओढतो त्या जाळीपाशी थोडं जरी ऑइल असलं तरी पंप ते ओढत राहतो. दिवा गप्प, गाडी गप्प, चालवणारा निवांत.

पण आपला रस्ता सपाट आहे कुठं? साताऱ्यातून कासला जायचं तर यवतेश्वरचा घाट, वाईहून पाचगणीला जायचं तर पसरणी, पुण्याहून येताना खंबाटकी, पाटणच्या पुढं चिपळूणला उतरायचं तर कुंभार्ली, महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी. नुसत्या पसरणीत पाचशे मीटरच्या वर चढ आहे आणि वळणावर वळणं. चेंबरमधलं ऑइल चढाला मागं सरकतं, ब्रेक मारला की पुढं येतं, वळणात एका अंगाला जातं. ऑइल भरपूर असलं तर काही फरक पडत नाही, जाळी बुडालेलीच राहते. कमी असलं की वळणावर जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलच्या जागी हवा ओढतो. दोन-तीन सेकंद प्रेशर जातं, दिवा लुकलुकतो, गाडी सरळ झाली की दिवा जातो. बघणाऱ्याला वाटतं वायरिंग लूज असेल. वळणावर लागून सरळ रस्त्यावर जाणारा दिवा ही चेंबर रिकामा होत आल्याची सगळ्यात स्पष्ट खूण आहे आणि नेमकी तीच लोक सेन्सरवर ढकलतात.

दुसरी एक खूण अशी की इंजिन गरम झाल्यावर ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की जातो. गरम ऑइल पातळ होतं, आणि आयडलला पंप पण हळू फिरतो, त्यामुळं प्रेशर सगळ्यात कमी तेव्हाच असतं. सप्टेंबरात कासला फुलांच्या सीझनला घाटात रांगा लागतात, पहिल्या गिअरमध्ये सरकत सरकत गाडी वर जाते, तेव्हा हे फार होतं.

आमच्या लांबच्या नात्यातले एक दाजी आहेत, पुण्याला असतात. त्यांचं असंच झालं. पोरंबाळं, आई, सगळे घेऊन कासला निघालेले. यवतेश्वरच्या वळणांवर दिवा लागायला लागला. मागं बसलेली ताई म्हणाली पण, "अहो, ते लाल काहीतरी लागतंय." तर दाजी म्हणाले की सर्व्हिसिंग होऊन थोडेच महिने झालेत, सेन्सरचं असेल, परत जाताना साताऱ्यात दाखवू. गाडीखाली कधी डाग दिसला नव्हता, त्यामुळं ऑइल कमी असेल अशी शंका यायचं कारणच नव्हतं त्यांना. वर पोचेपर्यंत टकटक आवाज सुरू झाला आणि पार्किंगमधून काढताना त्याचा ठोका झाला, रेस दिली की जोरात. मग मला फोन. मी म्हणालो, "दाजी, आता चावीला हात लावू नका, टोइंग पाठवतो."

शेजारच्या गॅरेजचे मिस्त्री, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, त्यांनी चेंबर उतरवला तेव्हा मी तिथंच होतो. ड्रेन बोल्ट काढल्यावर जेमतेम लिटरभर ऑइल निघालं आणि त्यात बारीक चमकणारी कणी. कनेक्टिंग रॉडचं एक बेअरिंग पार फिरलेलं, क्रँकवर ओरखडे. मामांनी ते बेअरिंग हातात घेऊन दाजींना दाखवलं, काही बोलले नाहीत. दाजींचा चेहरा बघवत नव्हता. मुलीच्या ॲडमिशनचे ठेवलेले पैसे त्यात गेले, आणि माणूस काही बेफिकीर नाही हो, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करणारा आहे. म्हणून तर मला हे जास्त लागतं. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पण ऑइल कमी होतं.

आत नक्की काय होतं ते सांगतो, कारण ते कळलं की दिवा लागल्यावर "घरापर्यंत जाऊदे" असं म्हणायचं धाडस होणार नाही. क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नाही. दोघांच्या मध्ये जागा असते एका मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कमी, आणि त्या जागेत दाबानं आलेलं ऑइल भरलेलं असतं, त्या पापुद्र्यावर क्रँक तरंगत असतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही, म्हणून तर इंजिन लाखो किलोमीटर चालतं. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबून उलटा फिरतो. आता ऑइल नाही म्हटल्यावर बेअरिंगचा वरचा मऊ धातूचा थर घासला जातो, तापतो, वितळून पुसला जातो. मग बेअरिंग क्रँकला चिकटून स्वतःच फिरायला लागतं, ऑइल यायचं भोक बंद होतं, आणि तिथून पुढं काही उरत नाही. चालवतच राहिलं तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. असा भोक पडलेला ब्लॉक भंगारात गेलेला मी बघितलाय.

पिस्टनकडं पण तेच. पिस्टन थंड ठेवायचं मोठं काम ऑइलचं आहे, कित्येक इंजिनांत तर खालून पिस्टनवर ऑइलची पिचकारी मारायची सोयच असते. ऑइल गेलं की पिस्टन फुगतो, बोअरला ओरखडे पडतात आणि इंजिन जाम, सीझ. टर्बोवाल्या गाडीला तर फार काळजी. टर्बोची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि ती निव्वळ ऑइलवर फिरते. टायमिंग चेनचा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या दाबावर असतो, तो ढिला पडला की चेन खडखडते. वर हेडमध्ये कॅमपर्यंत ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) किटकिट आवाज बऱ्याचदा आधी येतो. सकाळी गाडी चालू केल्यावर तो आवाज रोजच्यापेक्षा जास्त वेळ राहतोय असं वाटलं तर त्याच दिवशी पट्टी बघा.

आणि टेंपरेचरचा काटा बघून समाधान मानू नका. तो काटा कूलंटचा असतो. बेअरिंग जळत असताना सुद्धा काटा मध्यावर असू शकतो. "गाडी गरम झाली नव्हती" हे वाक्य मी दाजींकडून पण ऐकलं आणि त्यांच्याआधी कितीतरी जणांकडून.

बरं, एकदम संपलं नाही, नुसतं कमी आहे, तरी नुकसान आहेच, फक्त हळूहळू. साडेतीन लिटरचं काम दोन लिटर करतंय म्हटल्यावर तेच ऑइल जास्त फेऱ्या मारतं, जास्त तापतं, लवकर खराब होतं, त्यातली काजळी धरून ठेवायची ताकद संपते, आत काळा गाळ धरतो आणि तो गाळ जाऊन जाळीत बसतो. म्हणजे ऑइल कमी असलेली गाडी ही थोड्या दिवसांनी ऑइल खराब असलेली पण गाडी असते.

ऑइल जातं कुठं? हा प्रश्न सगळे विचारतात. एक म्हणजे जळतं. पिस्टन रिंग झिजल्या, व्हॉल्व्हचे सील कडक झाले की थोडं थोडं ऑइल आत जाऊन पेट्रोल-डिझेलबरोबर जळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, पण कमी प्रमाणात असलं तर धूर दिसत पण नाही. चांगल्या इंजिनला सुद्धा थोडं ऑइल लागतंच, काही कंपन्या तर १००० किलोमीटरला एक लिटरपर्यंत खपत झाली तरी ते चालतंय असं धरतात. म्हणजे बघा, सर्व्हिसिंगचा इंटरव्हल १०,००० किलोमीटरचा, आणि ऑइल एवढं खाणारी गाडी मध्ये कुणी उघडून बघितलीच नाही तर काय होईल. दुसरं म्हणजे लीक. रॉकर कव्हरचं गॅस्केट, क्रँकचा सील, फिल्टरची रिंग. जमिनीवर डाग नाही म्हणून लीक नाही असं समजू नका, आजकाल गाड्यांच्या पोटाला प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ऑइल त्यात साठतं.

सर्व्हिसिंग झाल्या झाल्या पण एकदा बघायला पाहिजे. ड्रेन बोल्टचा जुनाच वॉशर परत लावला, बोल्ट ढिला राहिला, किंवा जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि त्याच्यावरच नवा फिल्टर बसवला, अशानं भरलेलं सगळं ऑइल थोड्या वेळात खाली जाऊ शकतं. गाडी घरी आणली की रात्री खाली एक पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी पट्टी बघायची, एवढंच.

आणि चेंबरला लागलेला मार. गावोगावचे स्पीडब्रेकर, ऊस तोडणीच्या दिवसात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खणलेले पाणंद रस्ते, वर गाडीत पाच माणसं आणि डिकीत धान्याची पोती. खालून दगड लागल्याचा खण्णकन आवाज आला तर उतरून वाकून बघा, ऑइलची धार लागली असेल तर गाडी तिथंच बंद. धार नसली तरी मिस्त्रीला दाखवा, कारण चेंबर आत चेपला आणि जाळीला टेकला तर पट्टीवर ऑइल बरोबर दिसतं पण पंपाला ओढायला जागाच राहत नाही. हे मामांनी मला पहिल्यांदा उघडून दाखवलं तेव्हा मी पण चकित झालो होतो. याच्यात इन्शुरन्सचा एक विषय आहे. साध्या पॉलिसीत चेंबर फुटला तर चेंबरचे पैसे मिळू शकतात, पण ऑइल गळून गेल्यावर गाडी चालवली आणि इंजिन बसलं तर तो खर्च त्यात धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि त्यात सुद्धा माहीत असून चालवली असं दिसलं तर भांडत बसावं लागतं. रिन्यूअलच्या वेळी त्याच्या अटी नीट वाचून घ्या.

आता दिवा लागलाच तर काय करायचं. गाडी बाजूला घ्यायची, हझार्ड लावायचे, इंजिन बंद करायचं. पण घाटात असाल तर आधी सुरक्षित जागा आणि मगच इंजिन बंद, आणि हे मी फार कळकळीनं सांगतोय, उताराला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडून खाली येऊ नका. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, मग ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि कुणी चावी काढली तर लॉक पण होऊ शकतं. इंजिन वाचवायला जाऊन माणसं गमवायची नाहीत. इंजिन बसलं तर परत बांधता येतं.

थांबल्यावर दहा मिनिटं जाऊदेत म्हणजे वर गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. गाडी शक्यतो सपाट जागी पाहिजे. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढून बघा. मिनच्या खाली आहे पण गळती दिसत नाही तर अर्धा लिटर ऑइल टाका, जरा थांबा, परत बघा, असं करत मिनच्या वर आणा. मग चालू करा, दिवा काही सेकंदात गेला पाहिजे. नाही गेला तर लगेच बंद, टोइंग बोलवा. पट्टीवर ऑइल बरोबर असून दिवा लागत असेल तर पंप, जाळी, फिल्टर, बेअरिंगची झीज यातलं काहीही असू शकतं, सेन्सर पण असू शकतो, पण ते मिस्त्री प्रेशर गेज लावून ठरवेल, आपण नाही.

ग्रेड कुठला? ऑइल फिलरच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेला असतो, ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असं. अडचणीत दुसऱ्या कंपनीचं, जवळच्या ग्रेडचं कारचं इंजिन ऑइल टाकलं तर चालतं, नंतर बदलून घ्या, कोरडं चालवण्यापेक्षा ते कधीही बरं. पण गिअर ऑइल नको, २टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल) नको. आणि भीतीपोटी मॅक्सच्या वर पण भरू नका. जास्त झालं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब नसतो, म्हणजे परत तेच. बीएस-६ डिझेलवाल्यांनी पट्टीवरचं ऑइल वाढताना दिसलं तर ते पण दाखवावं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. सीएनजीवाल्यांना एक सांगायचंय, तुमचं ऑइल काजळी कमी असल्यामुळं स्वच्छ दिसतं, त्या रंगावर जाऊ नका, पातळी बघा.

सांगलीकडं आमचे दुसरे मामा, गॅरेजवाले नव्हेत, द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांचा ट्रॅक्टर सकाळी स्टार्टर मारायच्या आधी पट्टी बघितल्याशिवाय हलत नाही, ट्रॅक्टरच्या पुस्तकातच रोजची कामं वेगळी लिहिलेली असतात आणि त्यात हे पहिलं. वडापवाले बघा, स्टँडवर पहिला फेरा सुटायच्या आधी बॉनेट उघडं असतं. ज्यांचं पोट गाडीवर आहे ते रोज बघतात. आपण कारवाले बॉनेट उघडतो ते बॅटरी उतरल्यावर. खरंतर कारच्या पुस्तकात पण हे लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं. काही महागड्या गाड्यांना पट्टीच नसते, स्क्रीनवर मेनूत जाऊन लेव्हल बघायची असते, ते कुठं आहे एवढं एकदा शोधून ठेवा.

मी गिऱ्हाइकांना सांगतो की महिन्यातून एकदा, आणि घाटात जायच्या आदल्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना बघायचं. जुनी गाडी असेल, लाखाच्या वर चाललेली, तर पंधरवड्याला. मोबाईलमध्ये पट्टीचा फोटो किलोमीटर रीडिंगसकट काढून ठेवला तर गाडी किती ऑइल खातेय ते दोन-तीन महिन्यांत कळतं, आणि मिस्त्रीला तो फोटो दाखवला की त्याचं निम्मं काम होतं. आपल्या ग्रेडचा एक लिटरचा डबा डिकीत उभा बांधून ठेवा, सोबत एक जुनं सुती फडकं आणि छोटं नरसाळं. चारपाचशे रुपयांपासून डबा मिळतो. आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही, कुठूनही घ्या, फक्त सील बघून आणि बिल मागून घ्या, कारण डुप्लिकेट ऑइल पण बाजारात येतं. दाजींच्या गाडीत आता तो डबा आहे, आणि पुण्याहून निघायच्या आधी पट्टीचा फोटो मला पाठवतात. पाठवूदेत, मला बरं वाटतं.